फुकट मिळालेला ड्रायर आणि चार बाय सातची ड्राय बाल्कनी: ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

घर ठाण्यातलं, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर, टू बीएचके. माणसं चार: नवरा-बायको, सासूबाई आणि मे अखेरीस जन्मलेलं बाळ. जुलै उजाडला तेव्हा हॉलमध्ये पंख्याखाली कपड्यांचा स्टँड, दारांवर दुपटी, पडद्याच्या दांडीवर लंगोट आणि घरभर तो ओळखीचा कुबट वास. सकाळी टाकलेलं दुपटं दुसऱ्या दिवशी दुपारीही हाताला दमटच लागायचं. सासूबाई मूळच्या राजापूरकडच्या. त्यांच्या माहेरी पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट वाळवत. फ्लॅटमध्ये ते शक्य नाही, आणि बंद खोलीत निखारे ठेवणं कुणी सुचवूही नये.

त्यातच सुनेच्या बहिणीने पुण्याचं बिऱ्हाड आवरताना आपला ड्रायर देऊ केला. 8 किलोचा, कंडेन्सर जातीचा, 2600 वॅटचा, चांगल्या अवस्थेतला. टेंपोचं भाडं भरायचं आणि घेऊन जायचं. मला बोलावलं ते "ताई, जागा सांगा आणि एक पॉइंट काढून द्या" एवढ्यासाठीच. कंडेन्सर आहे म्हणजे भिंतीला भोक नको, पाइप बाहेर काढायला नको, पाणी टाकीत जमतं, टाकी रिकामी केली की झालं, असा त्यांचा हिशोब. दुकानातही हेच सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. पाणी कुठे जातं ते सगळे सांगतात, उष्णता कुठे जाते ते कुणी विचारत नाही. या घरातलं जवळजवळ सगळं काम त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी करावं लागलं.

यंत्राच्या आत काय चालतं

कंडेन्सर ड्रायरच्या ड्रममधली हवा बंद चक्रात फिरते. कॉइल ती तापवते, गरम हवा ओल्या कपड्यांतलं पाणी उचलते आणि मग कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमधून जाते. पत्र्यांच्या दुसऱ्या बाजूने एक छोटा पंखा खोलीतली हवा ओढून नेत असतो. त्या गारव्याने वाफेचं पाणी होतं आणि पंप ते वरच्या टाकीत चढवतो. गार म्हणून आत गेलेली खोलीतली हवा मात्र तापून पुन्हा खोलीतच येते. वाफ होताना पाण्याने जी उष्णता घेतली, तीच पाणी होताना परत मिळते. म्हणून मीटरवर पडलेलं जवळजवळ प्रत्येक युनिट शेवटी त्या खोलीत उष्णता होऊन उतरतं. पाइपवाला ड्रायर हीच उष्णता वाफेसकट बाहेर फेकून मोकळा होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. बाहेर कितीही दमट असलं तरी कंडेन्सर ड्रायरचं फारसं बिघडत नाही, कारण कपड्यांतून फिरणारी हवा वेगळी आणि थंड करणारी हवा वेगळी. जुलैतली 90 टक्के आर्द्रता त्याला चालते. त्याला चालत नाही ते तापमान. खोली तापली की पत्रे थंड होत नाहीत, पाणी नीट जमत नाही, चक्र लांबतं, वीज जास्त जाते आणि खोली आणखी तापते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान 5 ते 35 अंश असावं असं छापलेलं असतं. युरोपातल्या तळघरांसाठी हा आकडा सैल आहे. ठाण्यातल्या बंद बाल्कनीसाठी तो काठावरचा आहे.

दुसरं म्हणजे, सगळीच वाफ टाकीत येत नाही. चांगल्या यंत्रातही दहा ते वीस टक्के वाफ फटींतून खोलीत सुटते. कपडे 6 किलो असतील तर अर्धा लिटर पाणी भिंतींवर जाऊन बसतं.

जागा कोणती

घरातल्यांच्या मनात कोठीची खोली होती. पाच फूट बाय चार फूट, खिडकी नाही, दार लावलं की यंत्र दिसायला नको. ती मी लगेच बाद केली. 5 घनमीटर हवेत दोन किलोवॅटचा हीटर दोन तास लावून दार बंद करायचं, तर कपडे वाळण्याआधी तांदळाच्या डब्याखालचं पिठाचं पातेलं भाजून निघेल. भिंतींना बुरशी येईल ती वेगळीच.

सुतार म्हणाला, पॅसेजमध्ये कपाटात बसवू, पुढे शटर करू. तेही नाही. सरकतं दार, कुलूपबंद दार किंवा ड्रायरच्या दाराच्या उलट बाजूला बिजागरी असलेलं शटर, यांपैकी काहीही ड्रायरपुढे नको, हा सुरक्षेचा नियम जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असतो. त्याची दोन कारणं: बंद शटरमागे हवा कोंडते, आणि आत शिरलेल्या लहान मुलाला दार उघडता आलं पाहिजे. ज्या घरात पुढच्या वर्षी बाळ रांगणार आहे, तिथे दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं.

उरली ड्राय बाल्कनी. चार फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट दोन इंच, म्हणजे साधारण 7 घनमीटर हवा. बाल्कनी सोसायटीच्या डक्टकडे उघडते, वर छज्जा आहे, त्यामुळे पावसाची झड आत येत नाही. बिल्डरने दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी दिलेली, वर काचेची पक्की पट्टी. एका टोकाला मोरी, तिथे मावशी रोज भांडी घासतात. दुसऱ्या टोकाला फ्रंट लोड वॉशिंग मशीन, प्लास्टिकच्या स्टँडवर. मध्ये स्वयंपाकघराचं दार. भिंतीवर पाइप गॅसचा मीटर आणि त्याच्या शेजारी गॅस गीझर, ज्याचं गरम पाणी नळाने बाथरूमला जातं. नावाने ड्राय असली तरी घरातली सगळ्यात ओली जागा हीच. दिवसातून दोनदा बादलीभर पाणी ओतून ती धुतली जाते.

गीझरचा प्रश्न आधी

कुणी विचारलं नव्हतं, पण सगळ्यात आधी मी गीझरकडे बोट दाखवलं. हा गीझर खोलीतलीच हवा घेऊन जळतो आणि जळलेला वायू वरच्या भोकातून खोलीतच सोडतो. खिडकी सताड उघडी असते तोवर निभतं. आता त्याच जागेत हवा बाहेर खेचणारा मोठा पंखा बसणार होता. हवा आत यायची वाट अपुरी पडली की असा पंखा आजूबाजूच्या प्रत्येक भोकातून हवा ओढतो, धूर वर जाण्याऐवजी मागे वळतो, ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतोच. त्यातून स्वयंपाकघराची चिमणी लावली की तीही याच हवेत वाटा मागणार.

गीझर आणि ड्रायर यांतलं एकच या बाल्कनीत राहील, हे मी स्पष्ट सांगितलं. यजमानांचा चेहरा पडला, कारण गॅसचं पाणी विजेपेक्षा स्वस्त पडतं. पण बाथरूममध्ये बिल्डरने विजेच्या गीझरसाठी 16 अँपियरचा पॉइंट आधीच दिलेला होता. तिथे साठवणीचा गीझर लागला, आणि इकडची गॅसची तोटी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडून बंद करून घेतली. हे काम प्लंबरने करायचं नाही. मीटर मात्र तिथेच राहिला, उघडा. त्याच्यावर कपाट करू नका, हे सुताराला दोनदा सांगावं लागलं. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो. म्हणून छताजवळ हवा बाहेर जायची वाट कायम मोकळी हवी. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर असता तर ड्रायरची जागाच वेगळी शोधावी लागली असती.

उष्णतेचा हिशोब

2600 वॅटचं यंत्र पूर्ण वेळ तेवढी वीज घेत नाही, कॉइल अधूनमधून बंद होते. सरासरी दोन किलोवॅट धरले, म्हणजे दर सेकंदाला दोन किलोज्यूल. एक घनमीटर हवा एक अंशाने तापायला साधारण 1.2 किलोज्यूल लागतात. बाल्कनी बाहेरपेक्षा आठ अंशांहून जास्त तापू नये असं ठरवलं, तर 2 भागिले (1.2 गुणिले 8), म्हणजे सेकंदाला सुमारे 0.2 घनमीटर हवा बदलायला हवी. ताशी साधारण 750 घनमीटर. बाथरूममध्ये बसवतात तो सहा इंची पंखा ताशी अडीचशे-तीनशेच्या आसपास हवा फेकतो. त्याने भागत नाही. नऊ इंची, पत्र्याच्या पात्यांचा पंखा लागतो, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यातलाही बराचसा भाग जाळी आणि झडपा खातात.

हाच हिशोब हीट पंपवाल्या ड्रायरसाठी मांडून दाखवला. त्यातही पाणी टाकीतच जमतं, पण कपड्यांतून आलेली उष्णता तो पुन्हा हवा तापवायला वापरतो. सरासरी सहाशे-सातशे वॅट धरले तरी सहा इंची पंखा पुरतो. चक्र थोडं लांब चालतं, कपडे कमी तापतात, वीज निम्म्याहून कमी. युरोपीय संघात 1 जुलै 2025 पासून नव्या ड्रायरसाठी कार्यक्षमतेचे जे नियम आले, त्यांत कॉइलवर तापणारे ड्रायर बसतच नाहीत, तिथे नवा घ्यायचा तर हीट पंपच. आपल्याकडे अजून दोन्ही मिळतात आणि किमतीत बराच फरक आहे. माझं मत मी तेव्हाच सांगून टाकलं: विकत घेत असतात तर कॉइलवाला घेऊ दिला नसता. पण यंत्र पुण्याहून निघालं होतं, आणि ज्या घरात नुकतंच बाळंतपणाचं बिल भरलंय तिथे फुकट आलेली वस्तू परत पाठवा म्हणायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

पाइपवाल्या ड्रायरचाही विचार झाला. उष्णतेच्या दृष्टीने तोच सगळ्यात सरळ. पण ही बाल्कनी ज्या डक्टकडे उघडते, तिथेच समोरच्या आणि खालच्या घरांची स्वयंपाकघरं उघडतात. दमट वाफ आणि कापसाचा भुगा त्यांच्या खिडकीत सोडला असता तर पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर आपणच.

पंखा कुठे

भिंत फोडायची नव्हती. स्लायडिंगच्या वरच्या पक्क्या काचेतला एक तुकडा काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि पत्र्यात पंखा. मागे आपोआप मिटणारी झडप आणि त्याच्याही बाहेर जाळी. जाळी पारव्यांसाठी. ठाण्यात झडप नसलेला पंखा म्हणजे पारव्यांसाठी बांधून दिलेलं घरटं, हे कुणीही सांगेल. बाहेरून काही दिसत नसलं तरी सेक्रेटरींना पत्र देऊन ठेवलं.

खरी गंमत हवा आत कुठून येते यात होती. पंख्याच्या लगतचा पल्ला उघडा ठेवला तर हवा त्या पल्ल्यातून शिरते आणि वळून थेट पंख्यातून बाहेर पडते. पंखा जोरात फिरतोय, वारा लागतोय, आणि ड्रायरभोवतीची गरम हवा जागची हलत नाही. म्हणून पंखा मोरीच्या टोकाला, ड्रायर दुसऱ्या टोकाला, आणि उघडा ठेवायचा तो ड्रायरकडचा पल्ला. हवा ड्रायरच्या अंगावरून बाल्कनीभर जाऊन मगच बाहेर पडते. स्वयंपाकघराचं दार त्या वेळी बंद. तिथली चिमणी या पंख्यापेक्षा ताकदवान आहे; दार उघडं राहिलं आणि चिमणी चालू असली, तर ड्रायरची ऊब पोळ्या लाटणाऱ्याच्या अंगावर येते.

उदबत्ती लावून सासूबाईंनी स्वतः बघितलं. ड्रायरपाशी धरली तर धूर आडवा होऊन सरळ पंख्याकडे जाई. उलटा पल्ला उघडला की जागच्या जागी घोटाळे. त्यानंतर कुठला पल्ला उघडायचा हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

स्टँड

जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवायला जागा नव्हती. शिवाय खालचा ड्रायर म्हणजे मोरीचे शिंतोडे आणि बादलीचं पाणी. वर चढवणं भाग होतं. वॉशिंग मशीनवर ड्रायर ठेवायची कंपनीची किट असते, पण ती ठरावीक जोडीसाठीच. इथे मशीन एका कंपनीचं, ड्रायर दुसऱ्या, मशीनची खोली 55 सेंटीमीटर आणि ड्रायरची 63. ड्रायरचे मागचे पाय हवेत राहिले असते. उलटं करून ड्रायरवर मशीन ठेवायचा प्रश्नच नाही.

फॅब्रिकेटरकडून 40 मिलिमीटर चौकोनी पाइपचा स्टँड करून घेतला, वरचा टप्पा तीन फुटांवर, खाली वॉशिंग मशीन मोकळं, त्याचा प्लास्टिकचा स्टँड काढून टाकला. मशीनची थरथर ड्रायरला लागत नाही हा यातला फायदा. बाल्कनीच्या फरशीला नहाणीकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार आहे, म्हणून चारही पायांना लेव्हलचे बोल्ट. स्पिरिट लेव्हल वरच्या टप्प्यावर आडवी-उभी ठेवूनच नट घट्ट केले. सगळा भार पायांवरच आहे. भिंतीतले बोल्ट फक्त स्टँड पुढे कलू नये म्हणून. भिंत हलक्या ब्लॉकची निघाली, तीत साधा फास्टनर धरत नाही, म्हणून लांब प्लगचे बोल्ट घेतले.

स्टँड आला तेव्हा वरच्या टप्प्याला चारही बाजूंनी दीड इंचाची अँगलची कड होती, "खाली पडायला नको" म्हणून. हेतू चांगला. पण या ड्रायरची हवा घ्यायची जाळी पुढे, अगदी तळाला आहे, आणि पुढची कड नेमकी तिच्यावर येत होती. पुढची कड कापून फक्त दोन पायांपुढे छोटे अडथळे ठेवले. मागे दोन इंच आणि बाजूंना बोटभर जागा. उष्णतेची वाट अडवायला दीड इंच लोखंडही पुरतं.

उंचीवरून सासूबाईंनी हरकत घेतली. "अहो ताई, ती वरची टाकी मी काढायची कशी? चार लिटर पाणी डोक्यावर घेऊ की काय?" बरोबरच होतं. टाकीचा खण साडेपाच फुटांवर आला आणि त्यांची उंची पाच फुटांच्या आत. टाकी वापरायचीच नाही असं ठरलं. मागे पाण्याची नळी काढायची सोय होती, ती नळी खाली नहाणीपर्यंत आणली. रोज साफ करायची, कापूस अडवणारी जाळी दाराच्या तोंडाशी, म्हणजे त्यांच्या खांद्याच्या उंचीवर आली, आणि कंडेन्सर काढून धुवायचं झाकण कमरेच्या जरा वर. जमिनीवरच्या ड्रायरपुढे त्यासाठी उकिडवं बसावं लागतं.

नळी

नळीचं तोंड नहाणीच्या पाण्यात बुडू द्यायचं नाही, नाहीतर घाण पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. या मोरीत भांडी घासली जातात, नहाणीच्या जाळीवर भाताची शितं अडकतात आणि पाणी तुंबतं. म्हणून नळीचं टोक जाळीपासून चार इंच वर भिंतीला क्लिपने पक्कं केलं. नळी जाळीतून आत खुपसली असती तर जाळी नीट बसली नसती आणि झुरळांना दार उघडं. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येईल का, असं यजमानांनी विचारलं. कुणी ना कुणी विचारतंच. घालू नये. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात कापसाचे तंतू आणि साबणाचे अंश असतात. फरशी पुसायला उत्तम.

वीज

बाल्कनीत 16 अँपियरचा एक पॉइंट होता, पण ती तार स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्या पॉइंटवरून फिरवून आणलेली. ड्रायर एकटा 11 अँपियरच्या वर घेतो. पाणी तापवणारं वॉशिंग मशीन जोडीला आलं की 20 अँपियर. एकाच तारेवर दोन्ही बसत नाहीत, आणि एक्स्टेन्शन बोर्डचं तर नावच नको. मुख्य बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटर तांब्याची नवी तार केसिंग पट्टीतून लॉफ्टलगत आणली, 16 अँपियरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की पुरवठा तोडणारा). ओल्या फरशीवर उभं राहून स्टीलच्या यंत्राला हात लावायचा, तिथे आरसीसीबीवर काटकसर नको. सॉकेट यंत्राच्या मागे न घेता बाजूच्या भिंतीवर, मोरीपासून लांब आणि हात पुरेल असं.

अर्थिंगचं थोडक्यात सांगते, कारण हे बहुतेक घरांत बघितलंच जात नाही. जुन्या पॉइंटमध्ये हिरवी तार होती. वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावला, लागला नाही. मागे शोधत गेलो तर ती हिरवी तार ओव्हनच्या डब्यातच कापून, टेप गुंडाळून सोडलेली. म्हणजे वॉशिंग मशीन इतकी वर्षं अर्थिंगशिवाय चाललं. नवी तार मुख्य पट्टीपर्यंत नेली, जुनीही जोडून घेतली.

मग एकूण भार. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो बघायची सवय कुणाला नसते. ड्रायर, गीझर, वॉशिंग मशीन आणि एक एसी मिळून आठ किलोवॅटच्या घरात जातात. वाढीव भारासाठी अर्ज केला, आणि तोवर सासूबाईंनी घरात फर्मान काढलं: आधी सगळ्यांच्या अंघोळी, मग ड्रायर. ते अर्ज मंजूर झाल्यावरही पाळलं जातंय. बिलाबद्दल एक गोष्ट आधीच कानावर घातली होती: घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून ड्रायरचं युनिट सरासरी दराने धरायचं नाही, ते घराच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातलं धरायचं.

रंगाचं काम किरकोळ. डिस्टेंपरचे पापुद्रे निघत होते, ते खरवडून बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक रंग दिला.

चाचणी

यंत्र आत न्यायला दाराची मोकळी रुंदी 68 सेंटीमीटर, खोक्यासकट ड्रायर 70. खोकं स्वयंपाकघरातच सोडवलं, दाराचा पल्ला बिजागऱ्यांवरून उतरवला आणि मग गेलं.

पहिल्या चाचणीला 6 किलो सुती कपडे घेतले. वॉशिंग मशीन 1000 फेऱ्यांवर पिळत होतं. ओले कपडे चादरीत बांधून प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला लावले: 9.6 किलो. वाळल्यावर 6.2. म्हणजे 3.4 लिटर पाणी निघालं. नळीखाली ठेवलेल्या बादलीत 2.9 लिटर सापडलं. अर्धा लिटर हवेत. मीटरवर साडेतीन युनिटं, वेळ दोन तासांच्या जरा आत.

बाहेर 29 अंश होते. पंखा बंद ठेवून, एक पल्ला अर्धा उघडा ठेवून, पाऊण तासात बाल्कनीचा पारा 42 वर गेला आणि अजून चढत होता, तिथेच थांबवलं. थंड होऊ दिल्यावर पंखा लावून पूर्ण चक्र केलं: 36 वर स्थिरावला. ठरवलेल्या आठ अंशांच्या आत, पण पुस्तिकेतल्या 35 च्या एक अंश वर. मग वॉशिंग मशीनची पिळणी 1400 फेऱ्यांवर नेली. पिळून काढलेलं पाणी जवळजवळ फुकट निघतं. वाफ करून काढायला लिटरमागे एक युनिट लागतं. कपड्यांतून चारेकशे मिलिलिटर पाणी आधीच कमी झालं, चक्र आखडलं, आणि पारा 35 ला येऊन राहिला. यंत्राला अगदी पुरेल एवढंच, आणि मी ते तसंच सांगितलं.

पंख्याचा स्विच ड्रायरच्या स्विचला जोडलेला आहे, म्हणजे पंखा विसरून ड्रायर चालू करता येत नाही. चक्र संपल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं तो तसाच चालू ठेवतात.

वापराचे नियम

दाराजवळची जाळी प्रत्येक वेळी साफ करायची, कंडेन्सर महिन्यातून एकदा नळाखाली धुवायचा. जाळीवर जो करडा कापूस जमतो तो आगीला फार पटकन धरतो, आणि अडकलेली जाळी म्हणजे पुन्हा कोंडलेली उष्णता.

या घरात एका गोष्टीवर मी जास्त वेळ बसले. बाळाला रोज तेलाची मालिश होते, आणि त्या वेळी खाली घातलेलं दुपटं तेलाने माखतं. वनस्पती तेल लागलेलं कापड धुतलं तरी तेल पूर्ण जात नाही. ते तापवून ढिगात ठेवलं तर आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतं. ड्रायर बंद झाल्यावर तासाभरानेही. म्हणून मालिशीची दुपटी वेगळी, रंगीत, आणि ती ड्रायरमध्ये कधीच नाहीत. दिवाळीत अभ्यंगानंतरचे पंचे आणि टॉवेल यांनाही हाच नियम. चक्राच्या शेवटी यंत्र काही मिनिटं गार हवा फिरवतं, ते मध्येच बंद करून कपडे काढायचे नाहीत, आणि काढले तर लगेच पसरायचे. रबर लावलेली पायपुसणी, रेशीम, लोकर आत नाही. गोधडीही नाही, ती आतून वाळतच नाही.

सगळा मिळून खर्च, विजेचा गीझर आणि टेंपो धरून, तीस हजारांच्या आसपास गेला. त्यातली तार, आरसीसीबी आणि अर्थिंग कोणत्याही ड्रायरला लागलीच असती, स्टँडचंही तेच. हे यंत्र दमलं की जागी हीट पंपवाला येईल, तेव्हा नऊ इंची पंखा काढायची गरज नाही, तो हळू चालवायचा.

मार्च ते मे ड्रायर बंद. तेव्हा बाल्कनी तशीच 35 च्या पुढे असते, आणि दुपटं दोरीवर तासाभरात कडकडीत वाळतं.